एक्केचाळीस सेकंद

खुट्ट.

एवढासाच आवाज, पण बैठकीच्या खोलीत बसलेल्या चौघांचे चार हात एकदम चार ठिकाणी गेले. बाबांचा जाकिटाच्या आतल्या खिशावर, दादाचा पट्ट्याला लटकवलेल्या जुडग्यावर, आत्याचा गळ्यातल्या दोऱ्यावर आणि ताईचा मांडीवरच्या पर्सवर. आपापल्या किल्ल्या जागच्या जागी आहेत हे चाचपून झालं, आणि मग चौघंही एकमेकांना टाळून छताकडे, खिडकीकडे, चहाच्या कपांकडे बघायला लागले.

"मी आहे," स्वयंपाकघरातून ताईची लेक, भिंगरी, ओरडली. "बिस्किटांचा डबा उघडला."

"त्याला कुलूप नाही?" आत्याने विचारलं.

"नाही."

"बघा. राहूनच गेलं."

एकट्या धाकट्याचा हात कुठे गेला नाही. खिडकीजवळच्या स्टुलावर तो दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवून बसला होता, फोटो काढायला बसवल्यासारखा. या घरात किल्ली नसलेला तो एकटाच. साडेसहा वर्षांच्या भिंगरीकडेसुद्धा तिच्या रंगपेटीची होती.

"तर मी विचारत होतो," समोरच्या खुर्चीतले कंडक्टर काका म्हणाले, "आतल्या खोलीतलं ते कपाट. त्याचं काय?"

याच प्रश्नावर मघाशी सगळे गप्प झाले होते. ते कपाट आईचं होतं. आई जाऊन आता वर्ष होत आलं होतं, आणि वर्षभरात त्या कपाटाला कुणी हात लावला नव्हता.

धाकटा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला त्याला आज एकशे चार दिवस झाले होते. दुसऱ्या घरात अशा वेळी माणसं रडतात, समजूत घालतात, चार शहाण्यांना बोलावतात. या घराने कुलपं लावली. बाबांच्या वडिलांपासून खाली दुकानात कुलपं आणि वर राहतं घर अशी यांची मांडणी. संकट आलं की यांचा हात आपोआप कडीकडे जातो. आधी औषधांच्या खोक्याला कुलूप लागलं, ते योग्यच होतं. मग खोकल्याच्या औषधाला. मग कुणीतरी काहीतरी ऐकून आलं आणि दादाने बूट पॉलिश आपल्या ड्रॉवरमध्ये बंद केलं, तेव्हापासून घरातले सगळे धुळकट बुटांनी हिंडत होते. आत्याने व्हिनेगरची बाटली कुलपात टाकली. का, ते तिने सांगितलं नाही आणि तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही.

आणि यातली मेख अशी की ज्याच्यासाठी ही कुलपं लावली, त्याच्या हातात एक वाकवलेली तार दिली असती तर त्यातलं एकही दोन मिनिटं टिकलं नसतं. अडत होते ते बाकीचे. मागच्या आठवड्यात बाबांची रक्तदाबाची गोळी खोक्यात, खोक्याची किल्ली आत्याकडे आणि आत्या बाजारात. ती येईपर्यंत बाबांचा दाब चढला, तो गोळीवाचून नव्हे, संतापाने. भिंगरीला ताप आला त्या संध्याकाळी तर औषधाच्या खोक्याची किल्ली दादाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची बाबांच्या पेटीत आणि पेटीची नेमकी कुठे यावर तिघांची तीन मतं. शेवटी जिन्यात बसलेला धाकटा हळूच म्हणाला होता, "ताई, मी उघडून देऊ का?" आणि ताईला त्याच क्षणी हसूही आलं होतं आणि रडूही.

"कपाटात काय असणार," बाबा आता म्हणाले. "तिचे कपडे. दोन शाली. भिंगरीची लहानपणची झबली."

"आणि गोळ्यांचा डबा," कंडक्टर म्हणाले. त्यांनी खिशातून केंद्राचा कागद काढला. "हॉस्पिटलने दिलेल्या दुखण्याच्या गोळ्या, त्या कडक असतात, मोजून देतात. शिल्लक राहिलेल्या परत आलेल्या नाहीत. शंभर दिवस झाले की सोबत्याने घर बघायचं, उरलंसुरलं परत करायचं, मग माणसाने कामाला हात लावायचा. असा नियम आहे. मी नाही केलेला."

कंडक्टर हे धाकट्याचे सोबती. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एक जुना माणूस जोडून देतात, तसे हे. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, त्यातली पहिली अकरा पिऊन; गेली एकोणीस वर्षं कोरडे. रोज सकाळी धाकटा त्यांच्या दारात जायचा, ते वर्तमानपत्राच्या कडेचा एक कपटा फाडून त्याच्या हातात द्यायचे. आजचं तिकीट. "एका दिवसाचंच मिळतं," ते सांगत. "पास आपल्याकडे नाही." धाकट्याच्या शर्टाचा खिसा त्या कपट्यांनी फुगलेला असायचा, आणि कपडे धुताना ताईने एकदा ते कचरा समजून टाकले तेव्हा तो अर्धा दिवस कचऱ्याच्या पिशवीत हात घालून बसला होता. सगळे मिळाले. मोजून घेतले.

"म्हणजे आज ते कपाट उघडलं," ताईने पुन्हा विचारलं, "की उद्यापासून हा दुकानात बसू शकतो?"

"माझ्याकडून हो. पुढे त्यांचं," कंडक्टरांनी बाबांकडे हात केला.

"मी शब्द दिलाय," बाबा म्हणाले.

"मी नाही दिला," दादा म्हणाला.

दादाचं लग्न दुकानाशीच झालेलं होतं, आणि सवत नको असलेल्या बाईसारखा तो वागत होता. धाकटा गेला तेव्हापासून दुकान त्याने एकट्याने ओढलं, हे खरंच. पण दादा किल्ल्या बनवायचा त्या मशीनवर. मूळ किल्ली आणा, दोन मिनिटांत तशीच दुसरी घ्या. किल्लीशिवाय कुलूप उघडायचं काम बाबांचं आणि धाकट्याचं. बाबांची बोटं गेल्या वर्षापासून थरथरायला लागली होती. गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन दारात उभं राहिलं की दादाला ड्रिल काढावं लागायचं, आणि ड्रिलचा आवाज आला की वर बाबा कान झाकून घ्यायचे.

"तर उघडा की," कंडक्टर म्हणाले. "किल्ली कुणाकडे आहे?"

दादाने बाबांकडे बघितलं.

"हरवली," बाबा म्हणाले.

आता ही गोष्ट कुलूपवाल्याने परक्यासमोर कबूल करायची म्हणजे डॉक्टरने आपल्याला रक्त बघवत नाही म्हणण्यासारखं होतं. दादा जमिनीकडे बघू लागला. आत्याने कंडक्टरांच्या कपात न विचारता चहा ओतला, लाज झाकायला. त्यांचा हा चौथा.

"मी ड्रिल आणतो," दादा उठला.

"त्या कुलपाला ड्रिल लावायचं असेल तर आधी मला लाव," बाबा म्हणाले. "सहा लिव्हरचं आहे. लग्नाच्या वर्षी हाताने घडवलंय, तुझ्या आईसाठी. तसं दुसरं नाही."

"मग काय करायचं, त्याला विनंती करायची?"

"मी म्हणते मागून काढा," आत्या म्हणाली. "मागचा पत्रा कसला, नुसती फळीच आहे. चार खिळे उपटले की काम झालं."

"अक्का, कुलूपवाल्याच्या घरात कपाट मागून फोडायचं?" बाबांनी बहिणीला विचारलं.

"तुझी अब्रू पुढून जाते, कपाट मागून उघडेल. आपल्याला काय."

"तो उघडेल," बाबा म्हणाले.

त्यांनी धाकट्याकडे बघितलंही नव्हतं. जाकिटाचं बटण चाचपत बोलले होते.

"कोण तो?" दादाने विचारलं, माहीत असून.

"दुसरं कोण आहे?"

"बाबा, ज्या कपाटात त्या गोळ्या आहेत तेच कपाट त्याच्याच हातून? कंडक्टर काका, तुमच्या नियमात बसतं का हे?"

"नियमात असं काही लिहिलेलं नाही," कंडक्टर म्हणाले. "नियम करणाऱ्यांच्या घरी कुलपाचं दुकान नसावं."

"मला दादाचं पटतं," आत्या म्हणाली. "मांजरीकडून दूध गाळून घेण्यातला प्रकार आहे हा."

"आत्या, तू मध्ये बोलू नकोस," दादा म्हणाला. "तुझ्या त्या व्हिनेगरमुळे आधीच लोक हसतात."

आत्याने कपबशी खाली ठेवली. "उघडू दे त्याला," ती म्हणाली. "मी त्याच्या बाजूची."

एवढ्यावर बाजू फिरली. ताईला या घराची ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती: इथे माणसं मताला धरून राहत नाहीत, अपमानाला धरून राहतात. ती धाकट्याजवळ जाऊन उभी राहिली. "मीही त्याच्या बाजूची," ती म्हणाली, "आणि मी अपमान व्हायच्या आधीपासून."

ताई त्याच्या बाजूची होती ती पहिल्या दिवसापासून. केंद्रातल्या डॉक्टरांना, नवऱ्याला, शेजारच्या शिंपीणबाईंना, फोनवरून चौकशी करणाऱ्या सगळ्या चुलत-मावस मंडळींना तिने एकच सांगितलं होतं. आईच्या दुखण्याचे आठ महिने दिवसरात्र उशाशी बसला तो हा. आई गेली, आणि याला ते पेललं नाही. मग बाहेरून गोळ्या आणायला लागला. आई असती तर हे झालं नसतं. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं की वापरून गुळगुळीत झालेल्या किल्लीसारखं ते कुठल्याही प्रश्नात सहज फिरायचं. तिला स्वतःलाही ते लागायचं. रात्री भिंगरी झोपली आणि भावाचा राग यायला लागला की ती ते मनात एकदा फिरवून घ्यायची.

"नको," धाकटा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. इतका वेळ त्याच्याबद्दल बोलता बोलता तो तिथेच आहे हे जवळजवळ विसरायला झालं होतं.

"नको म्हणजे?" आत्या म्हणाली. "आत्ताच मी तुझ्या बाजूने बोलले."

"मला नाही उघडायचं ते."

"बघा, भाव खातोय," दादा म्हणाला. आता त्यालाही राग आला होता, त्याने स्वतः जे नको म्हटलं तेच समोरून नाकारलं गेल्याचा.

कंडक्टर पुढे वाकले. "भीती कशाची आहे? गोळ्यांची?"

"नाही."

"मग?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. लहानपणी काच फोडून आल्यावर पाहायचा तसं. ताई हसली, मान हलवली, जमेल तुला, असं. त्याने डोळे मिटले आणि उघडले.

"बरं," तो म्हणाला. "तारा द्या माझ्या."

तारा म्हणजे त्याची हत्यारं, कापडी गुंडाळीत ठेवलेल्या वाकवलेल्या बारीक सळया. त्या दादाने काढून घेऊन लोखंडी डब्यात ठेवल्या होत्या. डब्याची किल्ली जुडग्यात. जुडग्यात किल्ल्या अठ्ठावन्न. दादाने एकेक लावून पाहायला सुरुवात केली आणि तेविसाव्या किल्लीला आत्याला आठवलं की डब्याचं कुलूप तिने मध्यंतरी बदललं होतं, आधीचं तिला कच्चं वाटलं म्हणून.

"नवीन किल्ली कुठे?"

आत्याने दोऱ्यातली किल्ली काढली. ती व्हिनेगरची निघाली.

"मग डब्याची?"

"सुरक्षित ठेवलीय."

"कुठे?"

"ते आठवलं असतं तर सुरक्षित कसली," आत्या म्हणाली.

कंडक्टरांनी पाचवा कप संपवला. त्यांच्या चेहऱ्यावर भरगच्च बसमध्ये सुट्टे नसलेला प्रवासी भेटल्यावर येते तशी शांती होती. एवढ्यात भिंगरी बिस्किटाचे कण गालावर घेऊन बाहेर आली, डोक्याला हात लावला, दोन्ही बाजूंच्या दोन पिना काढल्या आणि धाकट्यापुढे धरल्या.

"मामा, यानं होईल?"

धाकट्याने पिना हातात घेतल्या. एकीवर लाल फुलपाखरू होतं. त्याने ते जपून सोडवून भिंगरीला परत दिलं, दातांनी एक पीन सरळ केली, दुसरीचं टोक खिडकीच्या कडीत अडकवून वाकवलं. "होईल," तो म्हणाला.

आतल्या खोलीत सगळी वरात गेली. आईचा पलंग भिंतीशी होता, त्याच्या पायथ्याशी हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर कपाट. पितळेचं ते कुलूप मुठीएवढं, कडांना गोल झालेलं. धाकटा गुडघ्यांवर बसला. दादा त्याच्या डाव्या खांद्याशी उभा राहिला, झडप घालायच्या बेताने. आत्या पलंगावर. ताईने भिंगरीला मांडीशी धरलं. बाबा दारात थांबले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर घेतलं. ते कशासाठी, याचा विचार त्या वेळी कुणी केला नाही. बाबा कामाच्या वेळी घड्याळ काढूनच ठेवायचे.

धाकट्याने कान कुलपाजवळ नेला. डावी पीन आत जाऊन थांबली. उजवी हळूच फिरली, मागे आली, पुन्हा गेली. त्याची बोटं बघत राहावं अशी होती. शंभर दिवसांपूर्वी याच बोटांना चहाचा कप धरवत नव्हता. आणि आता ती एखाद्या झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खेळणं काढावं तशी चालली होती. ताईला भरून आलं. तिला वाटलं, आई, बघतेयस ना.

खुट्ट.

कडी सुटली.

"शाबास," आत्याने टाळ्या वाजवल्या. "पठ्ठ्या. नाहीतर हा दादा, ड्रिल घेऊन भिंत पाडली असती."

दादाच्या तोंडूनसुद्धा "मानलं" असं काहीतरी निसटलं, ते त्याने खोकून झाकलं. कंडक्टरांनी दार उघडलं, खालच्या कप्प्यात शालींच्या मागे ठेवलेला गोल पत्र्याचा डबा काढला. धाकट्याने लगेच भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले, लपाछपीत राज्य आलेल्या पोरासारखे.

"अकरा," कंडक्टर मोजून म्हणाले. डबा त्यांच्या खांद्यावरच्या जुन्या चामड्याच्या बॅगेत गेला, पट्टा बंद झाला. "झालं. आता बघ इकडे."

धाकटा वळला. तो घामाने भिजला होता. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. एवढं सोपं होतं तर, तिला वाटलं. वर्षभर आपण सगळे या दाराला घाबरून बसलो.

"एक्केचाळीस सेकंद," बाबा म्हणाले.

ते अजून दारातच उभे होते, घड्याळाकडे बघत.

"विक्रम झाला की," आत्या म्हणाली.

"हे कुलूप मी केलंय," बाबा सावकाश बोलत होते. "याची चौथी लिव्हर उलटी बसवलीय मी, मुद्दाम. ज्याला ठाऊक नाही तो तिथे अडकतो. माझे हात धड असते आणि हे मी पहिल्यांदा उघडत असतो तर मला वीस मिनिटं लागली असती. माझ्या वडिलांना पंधरा." त्यांनी घड्याळ पुन्हा मनगटावर बांधायला घेतलं, बक्कल लागेना. "एक्केचाळीस सेकंदात ते त्यालाच उघडतं, ज्याचा हात त्याच्यावर बसलाय."

मग त्यांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून एक पितळी किल्ली काढली आणि पलंगावर, आईच्या उशीच्या जागी ठेवली.

दादाने किल्लीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. आपल्या अठ्ठावन्न किल्ल्यांकडे पाहिलं. "ही तुमच्याकडे होती? आणि मी ड्रिल आणायला—"

"ती गेली त्या दिवशी तिच्या उशीखालून काढली. कपाट शेवटचं बंद केलं, तेव्हा भोकाच्या कडेला ओरखडे दिसले. बारीक. तारेचे. किल्लीने तसे पडत नाहीत." बाबा धाकट्याकडे बघत होते, रागाने नव्हे, एखादं कुलूप दुरुस्तीला आल्यावर त्याच्याकडे बघत तसे. "विचारायचं कसं ते वर्षभर सुचलं नाही. म्हणून आज वेळ बघितली."

ताईचा हात अजून धाकट्याच्या पाठीवर होता. त्या हाताखाली पाठ कडक झाल्याचं तिला कळलं, आणि पुढचं सगळं त्यानंतर.

"ती गेल्यावर नाही," धाकटा म्हणाला. "आधीपासून."

"गप्प बस," ताई म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. "काहीतरी बोलू नकोस."

"ताई, तू सगळ्यांना सांगत होतीस ना, आई गेली म्हणून झालं. मला केंद्रात रोज वाटायचं तुला फोन करून सांगावं. कंडक्टर काका म्हणाले, वेळ आली की सांग, तोवर तिकीट घेत राहा." त्याने गुडघ्यांवर तळवे पालथे ठेवले. "दुपारी तुम्ही दुकानात, तू कामावर, आत्या झोपलेली. आई कण्हायची. खूप नाही, हळू. ते ऐकून माझं डोकं फुटायचं. एक गोळी घेतली की ऐकू येईनासं व्हायचं. उशीखालची किल्ली काढली असती तर ती जागी झाली असती, म्हणून तारेने उघडायचो. ती गेल्यावर या कपाटाला हात नाही लावला. बाहेरून आणल्या."

"आईच्या गोळ्या," दादा म्हणाला. त्याने हात उगारला होता, पण त्या हातात जुडगा होता आणि अठ्ठावन्न किल्ल्या अशा खणखणल्या की त्याचा त्यालाच कसंसं झालं. त्याने हात खाली घेतला. मग काय करावं ते न कळून तो पलंगावर आत्याच्या शेजारी बसला, आणि आत्याने एरवी दिला असता तो टोमणा दिला नाही, नुसती सरकून जागा केली.

कंडक्टर दाराशी गेले होते. घरच्या माणसांत आपण नको, म्हणून. पण जिन्यापर्यंत जाववलं नाही, म्हणून उंबऱ्यातच.

अशा वेळी कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलली ती भिंगरी. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं, त्यामुळे दुकानांच्या पाट्या, साबणाचे कागद, औषधांच्या बाटल्या, समोर आलेलं काहीही ती मोठ्याने वाचायची, शाळेत बाईंपुढे वाचतात तसं, प्रत्येक शब्दाला ठेचकाळत. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून, शालींच्या घडीतून, तिने एक पातळ वही काढली होती.

"मंगळ-वार," ती वाचत होती. "आत्या-बाईंचं सूप. त्यापेक्षा औषध बरं."

"कुठलं सूप?" आत्या म्हणाली. "दाखव इकडे."

"थांब ना आत्याआजी, मी वाचतेय. सकाळची गोळी, मी. दुपारची गोळी..." तिने बोट ठेवलं, "धाकटा. रात्रीची गोळी, मी."

ताईला वाटलं आपण वही काढून घ्यावी. हात पुढे झाला नाही.

"बुधवार. सकाळची, मी. दुपारी खुट्ट झालं. धाकटा. मी झोपेचं सोंग केलं. थोडी..." भिंगरी अडखळली, अक्षरं जुळवली आणि खुदकन हसली, "थोडी घोरलेसुद्धा. आई, आजी खोटं खोटं घोरायची."

धाकट्याने तोंडावर हात घेतला होता. त्यातून जो आवाज आला तो हसण्याचा की दुसरा, हे त्याच्या जवळ बसलेल्यालाही सांगता आलं नसतं.

"गुरुवार. सकाळची, मी. दुपारची, धाकटा. उघडतो तसं नीट लावूनही ठेवतो. हात बापाचा आहे. पण ओरखडे पडतात. ह्यांना दिसले तर पंचाईत." भिंगरीने पान उलटलं. "शुक्रवार पण तसंच आहे. शनिवार पण. सगळीकडे दुपारी मामाच आहे."

बाबा दारातून आत आले. पलंगापर्यंत चार पावलं होती, ती त्यांनी भिंतीला धरून टाकली. धाकट्याच्या समोर, जमिनीवर, गुडघे मोडत ते बसले आणि त्यांनी त्याचा उजवा हात उचलून स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला.

ताई उभीच होती. तिच्या तोंडात ते जुनं वाक्य आलं होतं, आई असती तर. ते कुठेच लागेना. आई होती. आई शेजारीच पडलेली होती, डोळे मिटून, घोरण्याचा आवाज काढत.

भिंगरीने वही मिटली. तिच्या कपाळावर पिना नसल्यामुळे केस आले होते, ते तिने फुंकरीने उडवले. ती आईच्या पलंगाकडे, मग कपाटाकडे, मग मामाकडे बघत काहीतरी जुळवत होती, गणिताच्या वहीत एक आकडा कमी पडला की बघते तशी. मग तिने ताईचा पदर ओढला. भिंगरीच्या प्रश्नांना ताईकडे नेहमी उत्तर असायचं. चंद्र का येतो याचंही, आजी कुठे गेली याचंही.

"आई," भिंगरीने विचारलं, "दुपारची गोळी रोज मामाच घ्यायचा, तर दुपारी आजीला दुखायचं तेव्हा ती काय करायची?"